भाकड गायीचा वाटा

गुडेंच गेला त्याला आज नववा दिवस.
गावाने घंटा वाजवली नाही. त्यानेच बजावलं होतं:
मेलेल्यासाठी घंटा नको, मिस्सा नको, मेणबत्ती तर नकोच,
आठवण करून द्यायला देव काय विसराळू आहे?

मी मठातून पळून आले तेव्हा
माझ्याकडे दोन जोड पायमोजे होते आणि थोडं लॅटिन.
तो आधी धर्मगुरू होता, मग पाखंडी झाला, मग माझा नवरा.
या क्रमाने. लोक क्रम उलटा सांगतात.

लांबून आलेले विचारतात, त्याची शिकवण काय होती?
मला ती चीजच्या भाषेतच सांगता येते.
उन्हाळ्यात आमच्या गायी वरच्या कुरणावर जातात,
सगळ्यांचं दूध एकाच कढईत पडतं.
जुलैत एक दिवस माप होतं,
याखेन लाकडी काठीवर खाचा पाडतो:
ज्याच्या गायीचं जितकं दूध, त्याला सप्टेंबरात तितकं चीज.
खाच खोटं बोलत नाही.

गुडेंच शास्त्र आमच्या बोलीत उतरवत होता,
त्या बोलीत, जिच्यात तोवर कुणी उधारीसुद्धा लिहून ठेवली नव्हती.
एका शब्दाशी अडला. अख्खा हिवाळा अडला.
शाई गोठायची, मी दौत काखेत धरून बसायची.
'बक्षीस' लिहिलं, खोडलं.
'भीक' लिहिलं, खोडलं.
'मेहेरबानी' लिहून म्हणाला,
याला बिशपच्या कारभाऱ्याचा वास येतो.

त्या साली विधवा आइताची गाय भाकड राहिली.
काठीवर तिच्या नावापुढे लाकूड कोरं, गुळगुळीत.
तरी सप्टेंबरात याखेनने चीजचं एक अख्खं चाक
तिच्या दाराशी टेकवलं
आणि आभारासाठी थांबलाही नाही.
विचारलं तर म्हणाला, "उरलं होतं."
उरलं नव्हतं. मी मोजलं होतं.
गुडेंच धावत घरी आला, बूट न काढता लिहायला बसला.
तो शब्द आता बाझेलच्या कागदावर छापलेला आहे,
मला मात्र तो वाचताना अजून आंबूस वास येतो.

पुढच्या रविवारी तो म्हणाला,
तुम्ही सगळे भाकड आहात.
निम्मं चर्च रागाने उठलं, याखेनसुद्धा.
तो त्यांच्या पाठींवर ओरडत राहिला:
दूध घालता म्हणून वाटा मिळत नाही रे,
वाटा मिळालाय, म्हणून पान्हा फुटतो!

हे सगळं मला पटलं होतं.
मग ब्राईदा गेली. सहा वर्षांची. घशाचा ताप, तीन दिवस.
मी एक मेणबत्ती मागितली. एकच.
तो म्हणाला, तिचा वाटा तिच्या दाराशी पोचलाय, मेंगिया,
आपण काठीवर खाच कशाला पाडायची?
बरोबर होतं.
बरोबर गोष्ट इतकी थंड असते हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री अंथरुणात तो नव्हता. मी चर्चमध्ये गेले.
मरियेच्या चित्रावर त्याने स्वतःच्या हाताने चुना फासला होता,
त्याच भिंतीला तळवा लावून उभा होता,
खाली निळा पदर नेमका कुठे होता ते अंधारात चाचपत.
मी तशीच परत फिरले.
यावर त्याने कधी उपदेश केला नाही, मी कधी विचारलं नाही.

आज त्याचा कोट झाडला.
खिशात शाईने डागाळलेला रुमाल
आणि बोटभर मेणबत्ती, वात काळी.
म्हणजे कधीतरी लागलेली.
रात्री वाचत असेल.

मीही लावली आहे, समोर पुस्तक उघडं ठेवून.
कुणी आलंच तर सांगेन, डोळे अधू झाले.
चार घरं पलीकडे
आइताच्या खिडकीतही उजेड दिसतो आहे.
तिला तर वाचता येत नाही.